तळ्याकाठच्या बागेविषयी, बापूसाहेबांस

कोल्हापूर,
पौष शुद्ध पंचमी

रा. रा. बापूसाहेब यांस,


आपले कृपापत्र आणि त्यासोबतचे जाडजूड बाड पावले. गावच्या तळ्याभोवती सार्वजनिक उद्यान करण्याची दरखास्त आपल्या नगरपालिकेपुढे आली असून तिची छाननी करणाऱ्या समितीवर आपणांस घेतले आहे, आणि तुम्ही जन्मभर रंकाळा तळ्याच्या शेजारी राहिलात तेव्हा तळे आणि बाग यांचे एकमेकांशी कसे जमते ते तुम्हीच कळवा, अशी आज्ञा आपण केली आहे. बाड मी सावकाश वाचले. त्यातील रंगीत चित्रांत कारंजे आहे, नौकाविहाराचा धक्का आहे, मुलांची आगगाडी आहे, दिव्यांच्या माळा आहेत. पाणी मात्र आराखडा करणारे एका निळ्या पट्ट्याने दाखवून मोकळे झालेले दिसतात, आणि हे पाणी कोठून येते, कोठे जाते व वाटेत काय काय घेऊन येते याची नोंद एवढ्या दप्तरात मला कोठेही आढळली नाही. म्हणून दरखास्तीवर थेट अभिप्राय देण्याआधी मी पुन्हा एकदा मुद्दाम, म्हणजे नेहमीच्या फेरफटक्याच्या नव्हे तर तपासणीच्या नजरेने, रंकाळ्यावर जाऊन आलो, आणि जे पाहिले ते आपणांस लिहीत आहे.

रंकाळ्यावर जाणे हा कोल्हापुरात एक स्वतंत्र व्यवहार आहे. संध्याकाळी चपला घालून निघालेल्या माणसाला कोणी हटकले आणि त्याने ‘रंकाळ्यावर’ एवढेच उत्तर दिले, तर कशासाठी, असा दुसरा प्रश्न विचारण्याची येथे चाल नाही. चौपाटीच्या दगडी कठड्यावर तालमीतला पोरगा, कचेरीतून सुटलेला कारकून, डोळ्यांचे ऑपरेशन झालेले आजोबा आणि परीक्षेत नापास झालेला विद्यार्थी हे एकाच रांगेत बसतात, कोणाला तिकीट पडत नाही, किती वेळ बसावे याला मुदत नाही, आणि समोर सूर्य पाण्यापलीकडे उतरत असल्यामुळे एकमेकांकडे न पाहता बोलण्याची मोठीच सोय होते. मागे भेळेच्या गाड्या, भाजलेली कणसे, शेंगांचे पुडे, फुगेवाले. अलीकडे पद्माराजे उद्यानातला मुलांचा कल्लोळ. शहराच्या मधोमध एखादे उत्तम राखलेले उद्यान असले तरी तेथे माणूस ‘बागेत’ जातो. येथे तो पाण्यावर जातो आणि बाग त्याला वाटेत लागते, हा क्रम माझ्या मते महत्त्वाचा आहे, आणि आपल्या आराखड्यात तो नेमका उलटा झाला आहे.

या तळ्याची कुळकथा आपण ऐकली असेलच. येथे पूर्वी दगडाची खाण होती, आठव्या किंवा नवव्या शतकात झालेल्या भूकंपाने तिच्या तळाशी जमिनीतले पाणी फुटले आणि खाणीचे सरोवर झाले, अशी परंपरागत समजूत आहे. काठावरच्या नंदीची गोष्ट तर येथील प्रत्येक नातवाला आजीकडून मिळते: हा नंदी रोज गव्हाभर पुढे सरकतो आणि तांदळाभर मागे येतो, आणि ज्या दिवशी तो पाण्याला टेकेल त्या दिवशी प्रलय होईल. लहानपणी आम्हांस या हिशेबातली भीती वाटे. पुढे आयुष्य मोजणी खात्यात घालविल्यावर मात्र ही कथा रचणाऱ्याचे मला कौतुक वाटू लागले, कारण तळ्याची हद्द ही रोज तपासून पाहण्याची बाब आहे, एवढे तरी ती निःसंशय शिकवते. पाण्यात उभा असलेला संध्यामठ पावसाळ्यात जवळजवळ बुडतो आणि उन्हाळा चढत जातो तसा हळूहळू उघडा पडतो. परवा मी पाहिला तेव्हा त्याचा वरचा भाग स्वच्छ दिसत होता, दगडावर पाणी उतरल्याच्या आडव्या रेघा एकीखाली एक उमटल्या होत्या, सर्वांत खालची रेघ अजून ओली होती, आणि तिच्यावर एक पाणकावळा पंख पसरून अंग वाळवीत बसला होता.

पण कोल्हापूरचे खरे नवल असे की हे काही गावातले एकमेव तळे नव्हे. हा तळ्यांचाच गाव होता. आज जेथे कपिलतीर्थ मंडई भरते तेथे कपिलतीर्थ होते; ज्या गांधी मैदानावर सभा गाजतात ते वरुणतीर्थ; शाहू स्टेडियमवर चेंडू उडतो तेथे रावणेश्वराचे तळे होते. हे सर्व कोणी दुष्टपणाने केले असे मी म्हणणार नाही. पाणी साचून डास झाले, रोगराईचे भय वाढले, गावाला मंडई हवी होती, मैदान हवे होते, आणि भरावाची माती स्वस्त होती. प्रत्येक वेळी कारभाऱ्यांजवळ कारण होते आणि प्रत्येक वेळी ते कारण कागदावर निर्दोष होते. मग रंकाळाच कसा उरला? आकार मोठा म्हणून, हे एक उत्तर झाले. दुसरे मला असे दिसते की रंकाळ्याशी कोणाचा तरी रोजचा संबंध कधीच तुटला नाही: कोणी म्हशी पाण्यावर नेल्या, कोणी गळ टाकला, कोणी पोहायला शिकले, कोणी नुसतेच बसले. ज्या पाण्याकडे पाठ करून घरे बांधली गेली ते पाणी पुढे मागच्या परसातले झाले, आणि परसात काय टाकतात हे मी आपणांस सांगायला नको.

बसणाऱ्यांतही सगळेच रिकामटेकडे नव्हते. आबालाल रहिमान या आमच्या थोर चित्रकाराने, ज्याला राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय होता, याच परिसरातल्या पाण्याची, झाडांची आणि बदलत्या प्रकाशाची चित्रे काढण्यात आयुष्य वेचले. 1922 साली महाराज निवर्तल्यावर त्याने आपली असंख्य चित्रे कोटितीर्थ या तळ्याच्या पाण्यात सोडून दिली, असे येथे सांगतात. खरेखोटे तपासण्याचे साधन आज हाती नाही. परंतु दुःखाच्या प्रसंगी आपले सर्वस्व कोठे ठेवावे याचे उत्तर म्हणून त्या माणसाला तळे सुचावे, हे या गावातल्या माणसाला अस्वाभाविक वाटत नाही.

पलीकडच्या काठी शालिनी पॅलेस आहे. 1931 ते 1934 या काळात काळ्या दगडात आणि संगमरवरात बांधलेली आणि राजकन्या शालिनीराजे यांच्या नावाची ही वास्तू 1987 साली हॉटेल झाली. पॅलेसविषयी अधिक लिहीत नाही, लांबून, पाण्यावरून, झाडांच्या रांगेवर उभा असलेला त्याचा घड्याळी मनोरा जसा दिसतो तसा तो जवळ जाऊन दिसत नाही, एवढेच.

ज्या ठिकाणी मी सर्वाधिक वेळ घालविला त्याचे नाव आपल्या समितीतील कोणासही ठाऊक नसेल. त्याला ‘धुण्याची चावी’ म्हणतात. तळ्याचे पाणी चावीने बाहेर घेऊन दगडांवर खेळवायचे, आयाबायांनी तेथे बसून कपडे धुवायचे, आणि मळके पाणी तळ्याकडे परत न फिरता खालच्या बाजूला वाहून जायचे, अशी ही जुनी तजवीज. पाहायला गेलात तर तेथे पाहण्यासारखे काही नाही. उन्हे कलत आलेली, वर्षानुवर्षे आपटून गुळगुळीत झालेले धोंडे, एका बाईने पिळून ठेवलेल्या गोधडीतून गळणारे पाणी, आणि साबणाचा निळसर फेस उताराने निमूट आपल्या मार्गाने चाललेला. मी बराच वेळ तो फेसच पाहत राहिलो. ज्याने हा उतार काढला त्याने बायकांना ‘तळ्यात धुऊ नका’ अशी पाटी लावून दिली नाही, दंडाचे फर्मान काढले नाही. लोकांना धुणे धुवायचेच आहे हे मान्य करून त्याने फक्त मळाला वेगळी वाट काढून दिली. तळ्याकाठच्या व्यवस्थेचे याहून शहाणे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही, आणि कोणत्याही उद्यानाच्या आराखड्यात त्याला जागा मिळालेली मी पाहिली नाही.

पुढच्या काळात जे घडले ते याच्या नेमके विरुद्ध होते. आसपास वसाहती वाढल्या आणि त्यांचे सांडपाणी नाल्यांवाटे तळ्यात उतरू लागले. सांडपाण्यातले नत्र आणि स्फुरद हे वनस्पतींचे खतच असल्यामुळे पाणी हिरवे होते. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते खरे, पण रात्री तोच वायू शोषून घेते, आणि पहाटे मासे तोंड वर काढून तडफडताना दिसतात. दक्षिण अमेरिकेतून आलेली जलपर्णी अनुकूल पाण्यात दोनेक आठवड्यांत दुपटीने पसरते, तिचे बी तळच्या गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहते, आणि जांभळी फुले आल्यावर दुरून पाहणारा परगावचा पाहुणा ‘काय सुंदर’ असेही म्हणून जातो. ती उपसून काठावरच कुजत ठेवली की पहिल्या पावसात तिचा सारा कस पुन्हा पाण्यात! रंकाळ्यावर हे सर्व प्रकार होऊन गेले. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत त्याचा समावेश झाला, लोकांनी मोर्चे काढले, श्रमदान केले, गणेशमूर्ती तळ्यात न सोडता दान करण्याची किंवा शेजारच्या इराणी खणीत विसर्जित करण्याची रीत येथे पुष्कळ रुजली. सुधारणा झाली आहे, आणि अजून पुष्कळ व्हायची आहे. मूर्ती वर्षातून एकदा येते, नाला रोज येतो, हे मात्र उत्साहाच्या भरात विसरले जाते.

चौपाटीवर भेळ खाताना मी गाडीवाल्याला सहज विचारले की यंदा पाणी कसे आहे. त्याने चिंचेचे पाणी ढवळता ढवळता उत्तर दिले, “साहेब, वारं तळ्यापल्याडच्या फुलेवाडीकडनं आलं आन् गिऱ्हाईक गाडीपाशी उभं राहिलं, तर पाणी बरं हाय समजायचं. यंदा उभं राहतंया.” प्रयोगशाळेचा अहवाल असावाच, त्याविरुद्ध माझे म्हणणे नाही, परंतु आपल्या समितीने गावातल्या तळ्याकाठी ज्यांचे पोट आहे अशा चारदोघांची कैफियत दप्तरी लावून घ्यावी, अशी माझी पहिली सूचना आहे.

दुसरी सूचना काठाविषयी. आपल्या चित्रात तळ्याला चहूकडून सिमेंटची उभी भिंत घातली आहे. जेथे माणसे बसणार तेथे पक्का कठडा अवश्य बांधावा, रंकाळ्याचाही आहेच. पण सगळाच काठ बांधून काढला तर पाणकणसे उगवायची कोठे, टिबुकलीने घरटे करायचे कोठे, आणि पाय घसरला तर लहान मूल वर यायचे कोठून? हिवाळ्यात काळे अंग आणि पांढऱ्या कपाळाचे वारकरी पक्षी थव्याने पाण्यावर उतरतात ते कारंजे पाहायला येत नाहीत. एक बाजू उतरती, मातीची, थोडी गबाळी राहू द्यावी. समितीतील तरुण सभासदांना ती ओसाड वाटेल. त्यांना पहाटे एकदा तेथे न्यावे. दिव्यांच्या माळा निम्म्या कमी कराव्यात, आणि ज्या उरतील त्या रात्री दहाला मालवाव्यात. नौकाविहाराला माझी हरकत नाही. कर्णा लावलेल्या नौकेला आहे. आगगाडीविषयी मत देत नाही, कारण नातवंडांना विचारले असता ती सर्वांत आवश्यक बाब असल्याचे एकमुखाने कळले.

प्रवेशशुल्काचा जो ठराव परिशिष्टात मागे दडवून ठेवला आहे तो मात्र कृपा करून मंजूर होऊ देऊ नये. देखभालीला पैसा लागतो हे मी जाणतो. त्यासाठी वाहनतळाचे भाडे घ्या, गाड्यांकडून माफक परवाना घ्या, नौकेचे तिकीट चढे ठेवा. पण फाटकावर तिकीट बसले की रोज येणारा माणूस आठवड्याने येऊ लागतो, आणि आठवड्याने येणाऱ्याला पाण्याचा रंग पालटलेला कळत नाही. तळ्याला पगारी पहारेकऱ्यांहून फुकट फिरणाऱ्यांचा पहारा अधिक कडक असतो, आणि तो हटवण्याचा खर्च पुढे गाळ उपसण्याच्या निविदेत भरावा लागतो.

आता मुख्य मागणी. दरखास्त तहकूब ठेवून प्रथम तळ्याच्या पाणलोटाची मोजणी करून घ्यावी, आणि किती नाले, कोणत्या सर्व्हे नंबरांतून, कोठल्या वस्तीचे पाणी घेऊन, कोणत्या ठिकाणी तळ्यात पडतात याचा नकाशा मागवावा. ही तोंडे वळवून सांडपाणी शुद्धीकरणाकडे नेण्याचा खर्च अंदाजपत्रकाच्या पहिल्या पानावर यावा, बाकांचा आणि कारंज्याचा शेवटच्या. अभियंते म्हणतील की ते काम दुसऱ्या खात्याचे. तेव्हा त्या खात्याच्या अधिकाऱ्यास समितीच्या पुढील बैठकीस बोलावून घ्यावे व त्याची स्वाक्षरी घ्यावी. असा नकाशा सिद्ध होताच एक नक्कल माझ्याकडे रवाना करावी; पावसाळ्यापूर्वी मी स्वतः तिकडे येतो, आपण दोघे मिळून प्रत्येक तोंडापाशी उभे राहून ताडून पाहू. येताना सौ. वहिनींसाठी येथील गुळाची ढेप आणतो. प्रकृतीस जपावे. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक जुना सहकारी