शेवटच्या स्वाराची चिठ्ठी

प्रवासाहून परतलेल्या मनुष्यास "कसा झाला प्रवास?" असें विचारिलें असतां "उत्तम झाला" यापलीकडे तो सहसा कांहीं सांगत नाहीं. त्यांत लबाडी नसते. घरीं पोंचून, हातपाय धुवून चहाचा पेला हातीं आला कीं वाटेंतील ऊन, धूळ आणि चढ हीं सर्व आपोआप सौम्य होतात. शिवाय ज्यांनीं व्यवस्था केली त्यांचे श्रम आठवून दोष काढणें कृतघ्नपणाचें वाटतें. परंतु त्याच वाटेनें पुढें जाणाराला या 'उत्तम'चा कांहींच उपयोग होत नाहीं.

२०२२ च्या डिसेंबरांत आम्हीं उभयतांनीं कोंकणच्या किनाऱ्यानें सायकलीवरून सहा दिवसांचा प्रवास केला. त्याविषयीं लिहावयास बसतांना हाच विचार प्रथम मनांत आला. म्हणून देवळें, मुक्काम आणि समुद्रशोभा यांचें वर्णन थोडक्यांत आटोपून, बरोबरीच्या स्वारांनीं या प्रवासाविषयीं काय मत दिलें, आणि तें खरें मत मिळविण्याकरितां काय करावें लागलें, हेंच मुख्यतः सांगावयाचें योजिलें आहे.

आमच्या टोळींत २२ स्वार होते. सर्वांत लहान १९ वर्षांचा, कॉलेजांत शिकणारा एक मुलगा. सर्वांत वडील ६१ वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका. त्यांना आम्ही सर्वजण 'बाई' म्हणत असूं. सामानासाठीं एक टेम्पो होता. मुंबईस भाऊच्या धक्क्यावरून २०२० सालीं सुरू झालेल्या मोठ्या फेरीबोटीनें सायकलींसह मांडव्यास उतरावयाचें. तेथून अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरुड. पुढें दिघी, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. मग केळशी, आंजर्ले, हर्णै. नंतर दापोलीवरून दाभोळ व गुहागर. आणि शेवटीं जयगड व गणपतीपुळ्यावरून रत्नागिरी, असा सुमारें ३२५ किलोमीटरांचा बेत होता. मध्यें आगरदांडा, बागमांडला, दाभोळ आणि तवसाळ या चार ठिकाणीं खाड्या ओलांडण्यास पुन्हां फेरीबोट घ्यावी लागली.

नकाशावर ही वाट फार सोपी दिसते. किनारा म्हणजे सपाटी, असें देशावरच्या मनुष्यास वाटतें. प्रत्यक्षांत गांवें खाडीच्या मुखाशीं, समुद्रसपाटीस वसलेलीं. आणि दोन खाड्यांच्या मध्यें जांभ्या दगडाचा उंच सडा. नारळीपोफळींच्या सावलींतून बाहेर पडलें कीं लगेच चढ लागतो. वर गेलें कीं उघडा, काळपट तांबूस सडा. आणि मग तितकाच तीव्र उतार पुढल्या खाडीपर्यंत. एकेक चढ शंभर-दोनशें मीटरांचाच. पण घाट एकदां चढला कीं संपतो, सडा दिवसांतून तीन-चार वेळां चढावा लागतो. त्यांत हवा दमट. शरीर थंड होतें तें घाम आल्यानें नव्हे, तर आलेला घाम वाळल्यानें. आणि किनाऱ्यावर तो लवकर वाळत नाहीं. घामाबरोबर मीठही जातें, व नुसतें पाणी पीत राहिल्यानें तें भरून येत नाहीं. म्हणून डिसेंबरांतदेखील दुपारच्या चढावर चांगल्या सशक्त मनुष्याचा जीव कासावीस होतो.

पहिले तीन दिवस मोठ्या आनंदांत गेले. काशीदची पांढरी वाळू, पाण्यांत उभा असलेला जंजिरा, शेखाडीजवळ समुद्राला अगदीं चिकटून गेलेला रस्ता, हरिहरेश्वरीं प्रदक्षिणेच्या वाटेवरचे लाटांनीं कोरलेले खडक, यांपैकीं काय अधिक सुंदर याविषयीं रोज रात्रीं वाद होई. जेवणें झाल्यावर आमचे व्यवस्थापक सर्वांस विचारीत, "काय मंडळी, ठीक ना सगळें?" आणि एकमुखानें उत्तर येई, "उत्तम!" बाईही हंसून म्हणत, "छान चाललें आहे हो."

चौथ्या दिवशीं हर्णैहून निघून आसूदवरून दापोलीकडे चढत असतां आम्हीं बाईंना गांठलें. त्या सायकल हातीं धरून पायीं चालत होत्या. आम्हीं विचारिलें, "बाई, येतां ना?" त्या म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढें, मी येतेंच." त्यांचा चेहरा लाल झालेला आम्हीं पाहिला होता. तरी आम्ही पुढें गेलों. कारण दाभोळची बोट गांठावयाची होती.

दाभोळच्या धक्क्यावर मोजदाद झाली ती २१ ची. तोंपर्यंत बाईंची आठवण कोणालाही झाली नव्हती, आम्हांलाही नाहीं. फोन लावला. बाईंनीं तो उचलला आणि "मी ठीक आहें, तुम्ही बोटींत चढा, मी पुढल्या बोटीनें येतें" असें सांगितलें. पण आवाज ठीक नव्हता. टेम्पो जेवणाच्या व्यवस्थेसाठीं आधींच गुहागरास गेलेला. शेवटीं भाड्याची एक गाडी करून आम्ही उभयतां व तो कॉलेजांतील मुलगा असे मागें फिरलों. चढावरच्या एका घराच्या पडवींत बाई भिंतीस टेकून बसल्या होत्या. त्यांना भोंवळ आली तेव्हां त्या घरच्या बाईनें हाताला धरून त्यांस आंत आणिलें, डोक्यावर पाणी थापटलें व मीठ घातलेलें कोकमाचें सरबत दिलें. आम्हांस पाहून ती म्हणाली, "वाईच बसा, मग न्या त्यांना. माणूस आहे कीं सामान?" या प्रश्नास उत्तर देण्याचें आम्हांस धैर्य झालें नाहीं.

परत येतांना आम्हीं बाईंना विचारिलें, "फोन जवळ होता, मग कळविलें कां नाहीं?" त्या म्हणाल्या, "बावीस माणसांची बोट चुकवावयाची का माझ्यासाठीं?"

त्या रात्रीं गुहागरास, पोफळींच्या आगरांतील एका घरगुती खाणावळींत, जेवणानंतर कोणीच "उत्तम" म्हणेना. सर्वांस अपराधी वाटत होतें, पण नेमकें काय चुकलें हें कोणास सांगतां येईना. आमच्यांत एक हिशेबतपासनीस होते. त्यांनीं सुचविलें, कीं तोंडीं विचारण्यांत अर्थ नाहीं. प्रत्येकानें नांव न घालतां चिठ्ठी लिहावी, आणि 'प्रवास कसा वाटला' असें मोघम न लिहितां दोनच गोष्टी लिहाव्या: आज परत फिरावेसें कोणत्या वेळीं वाटलें, आणि आज वाटेंतील चार थांब्यांवर मिळून आपण किती मिनिटें बसलों.

बावीस चिठ्ठ्या जमल्या. त्या मोठ्यानें वाचण्याचें काम आमच्याकडे आलें. पहिल्या प्रश्नाचीं उत्तरें नाना तऱ्हेचीं होतीं. कोणी ऊन लिहिलें, कोणी सीटनें झालेली दुखापत, कोणी गिअर नीट पडत नसल्याची तक्रार. परंतु दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांची हिशेबतपासनीसांनीं ओळीनें मांडणी केली, तेव्हां मंडळी स्तब्ध झाली. पुढें असणाऱ्या सहा जणांस प्रत्येकीं दोन तासांहून अधिक विसांवा मिळाला होता. मागच्या चौघांस पंचवीस मिनिटांहूनही कमी. याचें कारण उघड होतें. पुढचे स्वार थांब्यावर आधीं पोंचत, नारळपाणी पीत, पाय पसरून बसत, आणि मागचा मनुष्य धापा टाकीत येतांच "आले, आले! चला आतां" म्हणून उठत. सर्वांस थांबवून ठेविलें या संकोचानें तोही तसाच उठे. म्हणजे ज्याला विसांव्याची गरज सर्वांत अधिक, त्यालाच तो सर्वांत कमी मिळत होता; आणि पुढचे मात्र आपण मागच्यांसाठीं किती थांबतों या समाधानांत होते. त्यांत आम्हीही होतों. "चला आतां" हे शब्द आम्हीं स्वतः किती वेळां उच्चारले, हें आठवून आम्हांस चिठ्ठ्या वाचवेनात.

एका चिठ्ठींत आंकडा नव्हता. शाळेच्या फळ्यावर शोभावें अशा सरळ अक्षरांत लिहिलें होतें, "माझ्यामुळें सर्वांची खोटी होते. मी उद्यां एस. टी. नें परत जातें. व्यवस्था फार चांगली आहे."

सायकलस्वारांच्या समूहांत हा प्रश्न नवा नाहीं. 'ऑडॅक्स' नांवाची दीर्घ पल्ल्याची पद्धत १८९७ सालीं इटलींत निघाली व १९०४ सालीं आंरी देग्रांज यानें ती फ्रान्समध्यें रुजविली. तींत सर्व स्वार एका नायकाच्या मागें, ठरलेल्या गतीनें, एकत्र जातात. पुढें १९२१ पासून पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबानें दुसरी रीत पाडली: प्रत्येकानें आपल्या गतीनें जावें, मात्र नेमलेल्या ठाण्यांवर नेमलेल्या वेळांत नोंद करावी. आपल्याकडे हल्लीं ज्या 'ब्रेव्हे' होतात त्या या दुसऱ्या रीतीच्या. दोहोंतही शेवटच्या स्वाराचा हिशेब आहे. एकींत तो नायक ठेवतो, दुसरींत ठाणें ठेवतें. आमच्या प्रवासांत यांपैकीं कांहींच नव्हतें. नायक होते, पण ते सर्वांत पुढें होते.

ही चर्चा चालली असतां खाणावळीच्या यजमानीणबाई उष्टीं काढीत होत्या. त्या सहज म्हणाल्या, "अहो, पंगतींत शेवटच्याचा ताकभात व्हायचा असतांना पहिला कधीं उठतो का?" एवढ्यानें निकाल लागला. नियम ठरला तो असा: थांब्यावर शेवटचा स्वार येऊन बसल्यानंतर पंधरा मिनिटें होईपर्यंत कोणीं उठावयाचें नाहीं. मागच्या चौघांनीं सकाळीं अर्धा तास आधीं निघावें. टेम्पोनें सर्वांच्या मागून यावें. प्रत्येक धक्क्यावर बोटींत पाय ठेवण्यापूर्वीं मोठ्यानें मोजदाद व्हावी. कॉलेजांतील मुलगा बाईंना म्हणाला, "बाई, उद्यां मी तुमच्या मागें. तुम्ही एस. टी. नें गेलांत तर मलाही एस. टी. नें यावें लागेल." बाई कांहीं बोलल्या नाहींत; पण पहांटे साडेपांचला त्या अंगणांत आपल्या सायकलीच्या चाकांत हवा भरीत होत्या.

पांचवा दिवस गुहागरहून हेदवी, तवसाळ, जयगड, मालगुंड करीत गणपतीपुळ्यापर्यंतचा. चढ तेच होते, ऊनही तेंच होतें. परंतु थांबावेंच लागतें म्हटल्यावर पुढल्या मंडळीस हेदवीस बामणघळ पाहण्यास सवड झाली. खडकाच्या चिरेंत शिरलेली लाट उंच उसळते, तें पाहून घामेजलेली माणसें मुलांसारखीं ओरडलीं. केशवसुतांच्या जन्मगांवीं मालगुंडासही घटकाभर बसतां आलें. एवढें करून मुक्कामीं पोंचण्यास पूर्वींच्या बेतापेक्षां उशीर झाला तो अवघा पाऊण तास. कारण खाडीवर बोटीची वाट पाहण्यांत जो वेळ जावयाचा, तो घाईनें आलेल्यांचाही जातच होता.

नवीन व्यवस्था सर्वांसच रुचली असें मात्र नाहीं, हेंही प्रामाणिकपणें नमूद केलें पाहिजे. त्या रात्रींच्या चिठ्ठ्यांत दोघा-तिघांनीं लिहिलें, कीं फार वेळ बसल्यानें पाय आंखडतात व पुन्हां चढ चढणें जड जातें. ही तक्रार खरी होती. त्यांना थांब्याच्या आसपास हिंडण्याची मोकळीक दिली. पण पुढें निघण्याची नाहीं.

सहाव्या दिवशीं आरेवाऱ्याच्या चढावरून खालीं पसरलेला समुद्र पाहात सर्वजण उभे राहिले. त्या दिवशीं प्रथमच बावीसजण एकाच वेळीं एका जागीं उभे होते. दुपारीं रत्नागिरीस पोंचलों, व सायकली रेल्वेच्या सामानांत चढविण्यापूर्वीं अखेरच्या चिठ्ठ्या गोळा केल्या.

ज्यांना असा सामुदायिक प्रवास करावयाचा असेल त्यांस आमची एवढीच सूचना आहे, कीं मतें प्रवासाच्या शेवटीं मागूं नयेत, रोज रात्रीं मागावींत. शेवटीं मिळालेलें मत पुढच्या वर्षाच्या मंडळीच्या उपयोगीं पडतें. रात्रीं मिळालेलें मत उद्यांच्या चढावर उपयोगीं पडतें. आणि तें सर्वांसमक्ष तोंडीं विचारूं नये. कारण ज्याला सर्वांत अधिक सांगावयाचें असतें, तोच "छान चाललें आहे" म्हणतो. घरीं परतल्यावर, मागून जेवावयास बसणाऱ्या आमच्या घरांतील मंडळीसही आम्हीं हा प्रश्न चिठ्ठीवर विचारून पाहिला. त्याचीं उत्तरें येथें देत नाहीं, पण पंगतीची वेळ आमच्याकडे आतां बदलली आहे.

अखेरच्या चिठ्ठ्यांत एक चिठ्ठी सर्वांत लांब होती. तींत क्रमवार सात कलमें होतीं: चहा फार गोड असतो, आंघोळीचें पाणी पुरत नाहीं, उतारावर ब्रेकचीं रबरें रोज तपासावींत, टेम्पोवाल्यानें कानाशीं हॉर्न वाजवूं नये, रात्रीं दहानंतर गप्पा बंद व्हाव्या, सरबतांत मीठ विसरूं नये. सहा तक्रारी वाचून आम्हांस जो आनंद झाला, तो कोणत्याही स्तुतीनें झाला नसता. सातवें कलम असें होतें: "पुढल्या वर्षीं मालवणाकडे जावयाचें ठरल्यास मला आधीं कळवावें."

खालीं नांव नव्हतें; अक्षर मात्र सरळ, फळ्यावरचें होतें.