म्हातारपणाची खाज

म्हातारपणी अंगास खाज ही सुटावयाचीच, अशी आमची जुनी समजूत होती. आणि ज्या समजुतीपायी आपणांस काही करावे लागत नाही, ती सोडवत नाही. हिंगोली जिल्ह्यात कळमनुरीच्या बाजूस आमच्या आत्याबाई असतात. वय 80च्या पुढे. मागील हिवाळ्यात आम्ही तिकडे गेलो, तेव्हा त्यांचे अंथरूण ओसरीवर गेलेले होते, आणि रात्रभर त्यांच्या बांगड्या वाजत होत्या.

उतारवयात त्वचा पातळ व कोरडी होते, थंडी आणि कढत पाणी तिला अधिकच सुकवितात, हे खरेच आहे. म्हणून आम्ही खोबरेलाची बाटली त्यांच्या हाती दिली आणि कर्तव्यातून मोकळे झालो. तेलाने भागेना, तेव्हा घरच्यांनी दुकानातून मलमाची नळी आणली. तीत स्टेरॉइड होते. चार दिवस बरे वाटले, मग दुप्पट खाज. अशा मलमांस 2018 साली सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घातली आहे. चिठ्ठी मागणारा दुकानदार मात्र आमच्या तरी पाहण्यात नाही.

शेवटी त्यांस हिंगोलीस नेले. डॉक्टरांनी बोटांची बेचकी व मनगटे भिंगातून पाहिली आणि विचारले, "घरात आणखी कोणाला खाजतं?" आम्ही ठामपणे "नाही" म्हणालो. सूनबाई खाली पाहत म्हणाल्या, "सगळ्यांनाच."

खरूज! हिचा किडा 1687 साली इटलीत बोनोमो व चेस्तोनी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून वर्णिला. आमच्या घरात तो शिरल्याचे आम्हांस कळले नाही. किडा कातडीत बीळ करून अंडी घालतो. पहिल्यानेच लागण झालेल्यास चार ते सहा आठवडे काही जाणवत नाही. ज्यास पूर्वी कधी होऊन गेली, त्यास मात्र थोड्याच दिवसांत खाज सुटते. आत्याबाईंस लहानपणी खरूज झालेली होती. तेव्हा प्रथम खाजविले त्यांनी, म्हणून आणली त्यांनीच, हा घरचा न्याय फोल ठरला. दिवाळीत वसतिगृहातून आलेला नातू त्या वेळी खुशाल होता. पण आता त्याच्या बेचक्यांतही पुरळ निघाले.

परमेथ्रिनचे पाच टक्क्यांचे मलम सर्वांनी एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत लाविले, आत्याबाईंस डोक्यासही; सकाळी स्नान, आणि सात दिवसांनी पुन्हा तेच. एकट्या रोग्यास औषध देऊन भागत नाही, घरातून तो पुन्हा त्याच्याकडे येतो. कपडे कढत पाण्यातून काढले. किडे मेल्यावरही खाज दोनतीन आठवडे रेंगाळते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले, ते बरे झाले. नाहीतर पुन्हा ती नळी आलीच असती.

महिन्याने गेलो, तो पणतू आत्याबाईंच्या मांडीवर होता. "दोन महिने लेकराला हात लावू दिला नाही मला," त्या म्हणाल्या. "मग ओसरीवर मी कशापायी झोपले रे, बाबा?"

आम्ही उठून त्यांची वाकळ उन्हात घालू लागलो.