आखाची कटकट

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मध्यंतरी सहा महिने आम्ही दोघं अमेरिकेत मुलाकडे होतो. परत आल्यापासून "आता प्रवासवर्णन लिहा" असा आमच्या मेहुणीचा धोशा चालू आहे. पण नायगाऱ्यावर इतक्या लोकांनी लिहून ठेवलंय, की त्यात माझ्या थेंबाने काही भर पडायची नाही. मी लिहिणार आहे गाडीच्या आखाबद्दल. हसू नका. उभी हयात भूगोल आणि मराठी शिकवण्यात गेलेल्या माणसाने गाडीच्या दुरुस्तीवर लिहावं हे मलाही विचित्रच वाटतंय. पण त्या सहा महिन्यांत मी जे काही शिकलो, ते त्या गॅरेजातच शिकलो.

मुलगा राहतो रॉचेस्टरला. राज्य न्यूयॉर्क, पण शहर न्यूयॉर्क नव्हे. त्या शहरापासून मोटारीने पाच-सहा तास लांब, ओंटारिओ सरोवराच्या काठी. सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्यामुळे वर्षाला सरासरी शंभर इंचांच्या आसपास बर्फ पडतो. (आपल्याकडे एवढा पाऊस पडला तरी आपण हवालदिल होतो!) त्यामुळे तिथे चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळणाऱ्या गाड्यांना मागणी फार. आमच्या नातवाने अशीच एक अकरा वर्षांची जुनी गाडी घेतली. वय वर्षे वीस, सकाळी कॉलेज, संध्याकाळी एका दुकानात काम. सगळे पैसे स्वतःचे. इथवर कौतुकच होतं. पण नंतर त्याने ती गाडी खाली बसवली.

खाली बसवली म्हणजे काय, हे मलाही तिथेच कळलं. मूळ स्प्रिंगा आणि शॉकअॅब्सॉर्बर काढून, आटे फिरवून उंची कमी-जास्त करता येईल असे नवे बसवायचे आणि गाडी जमिनीकडे झुकवायची. याच्या गाडीची उंची सहा सेंटिमीटरने, म्हणजे जवळजवळ अडीच इंच उतरली होती. चाक आणि मडगार्ड यांच्यात बोट जाईल एवढीही जागा नाही. तरुण मुलांना ते देखणं वाटतं. वळणावर गाडी कमी कलते, हाही एक फायदा. आमच्या चिरंजीवांना मात्र यातलं काहीच पटलं नाही. "बर्फाच्या गावात कोणी गाडी खाली बसवतं का?" हे त्यांचं एक वाक्य, आणि "It's my car, Dad" हे त्याचं एक वाक्य, असा शेवटचा संवाद आम्ही पोचण्याआधीच होऊन गेला होता. आम्ही ऑक्टोबरात गेलो तेव्हा बापलेक एका टेबलावर जेवत होते, पण मीठ मागायचं तरी सूनबाईंमार्फत.

अशात ती गाडी कटकट करायला लागली. स्टेअरिंग पूर्ण वळवलं की पुढच्या डाव्या चाकाकडून कट-कट-कट-कट. आवाज घरातल्या सगळ्यांना ऐकू यायचा. त्यावर कोणी काही बोलायचं नाही.

एका शनिवारी मी गॅरेजात डोकावलो. नातू गाडीखाली झोपला होता. म्हणाला, "आबा, तू आत बसून ब्रेक दाबशील?" (तिकडच्या मुलांच्या मराठीत सगळेच 'तू'. कानाला गोड लागतं.) चाकाच्या मधोमध ३२ मिलिमीटरचा दांडगा नट असतो. चाक जमिनीवर असताना, कोणीतरी ब्रेक दाबून धरल्याशिवाय तो सैल होत नाही. तर माझी पहिली नेमणूक ब्रेकवर झाली. पुढे बढती मिळून मी बॅटरी धरायला लागलो.

आता थोडं विषयाबद्दल. आमच्या लहानपणी घरी बैलगाडी होती. तिचा आख म्हणजे दोन्ही चाकांच्या तुंब्यांतून जाणारा एक सरळ दांडा. वडील वेळोवेळी चाक उचलून वंगण घालायचे. वंगण कमी पडलं की गाडी कुरकुरायची आणि मैलभर आधी घरी कळायचं की कोण येतंय. मोटारीत भानगड अशी की चाकाला खड्ड्यात वरखाली व्हायचं असतं, पुढच्या चाकाला वळायचंही असतं, आणि हे सगळं करताना फिरतंही राहायचं असतं. सरळ दांडा हे कसं करणार? म्हणून आखाचे तुकडे करून त्यांना सांधे दिले. चारही चाकांची ओढ असलेल्या या गाडीत चार अर्धे आख, प्रत्येकाला दोन सांधे, म्हणजे एकूण आठ.

वाकलेल्या अवस्थेत फिरणारा सांधा जुनाच आहे. सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूकच्या नावाने तो ओळखला जातो. पण त्यात एक खोड आहे. एक बाजू सारख्या वेगाने फिरली तरी वाकलेली दुसरी बाजू प्रत्येक फेऱ्यात थोडी पुढे, थोडी मागे होते. चाकाला ते हिसके बसतात. आल्फ्रेड झेप्पा नावाच्या अभियंत्याने १९२६ मध्ये सहा पोलादी गोळ्यांचा सांधा काढला आणि ती खोड मोडली. सांधा कितीही वाकलेला असो, गोळ्या आपापल्या खोबणीत सरकून बरोबर मधल्या कोनात राहतात आणि दोन्ही बाजू एकाच वेगाने फिरतात. आपल्याकडे १९८३ मध्ये पुढच्या चाकांना ओढ देणारी मारुती ८०० आली, तेव्हापासून आपल्या गॅरेजवाल्यांनाही हा सांधा पाठ झाला.

या सांध्यात ग्रीस भरलेलं असतं आणि त्यावर घड्याघड्यांचं रबरी पांघरूण असतं, त्याला बूट म्हणतात. बूट फाटला की फिरण्याच्या वेगाने ग्रीस बाहेर उडतं, आत वाळू आणि मीठ जातं (तिकडे बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात), आणि गोळ्यांच्या खोबण्या झिजतात. मग वळताना कटकट. वडिलांच्या वेळचं दुखणंच ते, वंगण संपलं!

नातवाने आख बदलला. सोपं काम नव्हतं. मिठाने आख चाकाच्या तुंब्यात गंजून बसला होता. तेल मारून रात्रभर ठेवला, तेव्हा दुसऱ्या दिवशी पुलर लावल्यावर हलला. आतलं टोक गिअरबॉक्समधून पहारीने उचकटताना तेलाचं सील फाटू नये म्हणून पोरगा श्वास रोखून होता. नवा आख 'टक्' करून आत बसला, तेव्हा आम्ही दोघांनी टाळी दिली. आणि मग त्याने हळूच सांगितलं, की हा तिसरा आख. उन्हाळ्यात एक बदलला होता, सप्टेंबरात दुसरा. दोन्हींचे बूट त्याच जागी फाटले.

माझ्यातला मास्तर जागा झाला. म्हटलं, "अरे, एकच गणित तीनदा चुकतंय, तर चूक उत्तरात नाही, रीतीत आहे." तो म्हणाला की त्याने दरवेळी नीट पाहिलंय. आख अगदी सरळ असतो, किंचित खालीच झुकलेला. मला दाखवला, आणि खरंच, तसाच होता.

पण गाडी तेव्हा जॅकवर होती, आणि चाक हवेत लोंबकळत होतं.

हे लक्षात यायला मला दोन दिवस लागले. पहाटे बर्फाकडे पाहत चहा पिताना एकदम सुचलं. नातवाला विचारलं, गाडी चाकांवर उभी ठेवून खाली जाता येईल का? शेजाऱ्यांकडून उताराच्या लोखंडी फळ्या आणल्या, गाडी त्यांवर चढवली. आता गाडीचं सगळं ओझं चाकांवर होतं. भूगोलाच्या तासाला आम्ही कोनमापक, दोरा आणि नटाचं वजन वापरून टेकडीचा चढ मोजत असू, तसंच साधन केलं. नातवाच्या मोबाइलमध्येही कोन मोजायची सोय होती. दोघांचं उत्तर जुळलं! गिअरबॉक्सकडून चाकाकडे आख साडेआठ-नऊ अंश वर चढत होता. चाळीस सेंटिमीटरचा दांडा आणि सहा सेंटिमीटरची उचल, कागदावरही तेवढंच येतं.

हा सांधा वळणावर याच्या कितीतरी पट वाकू शकतो. पण वळण संपलं की तो पुन्हा सरळ होतो. इथे सरळ रस्त्यावरही त्याला सुटका नव्हती. प्रत्येक फेऱ्यात बुटाच्या घड्या एका बाजूला चेपायच्या, एकमेकींवर घासायच्या. नवा आख आणला तरी तो त्याच वाकण्यात जाऊन बसत होता. आम्ही गाडी उचलून, तिचं ओझं काढून घेऊन, तिला विचारत होतो, "काय दुखतंय?" ती म्हणत होती, "काही नाही."

आता जे लिहितो ते लिहावं की नाही, यावर बरेच दिवस गेले.

१९८९ साल. आमचे चिरंजीव नववीत, माझ्याच शाळेत. सहामाहीला गणितात नापास. मी शिकवणी लावली. वार्षिकला जेमतेम काठावर. शिकवणी बदलली. दहावीच्या सहामाहीला पुन्हा तेच. पुन्हा बदलली. गंमत म्हणजे रात्री कंदिलाशेजारी बसवून विचारलं, की त्याला सगळं यायचं. प्रमेयं घडाघडा. मी म्हणायचो, "येतंय तर पेपरात का लिहीत नाहीस? लक्ष नाही तुझं." एकदा हातही उचलला. बोर्डाच्या परीक्षेला केंद्र दुसऱ्या गावात होतं. तिथे त्याला गणितात चांगले मार्क पडले. आम्ही पेढे वाटले आणि विषय संपला. तिन्ही शिकवणीवाल्यांपैकी शेवटच्याला श्रेय मिळालं.

नातवाने गाडी वर घ्यायचं कबूल केलं, पण पूर्ण नाही. "आबा, तीन सेंटिमीटर. त्यापेक्षा नाही." मी कागदावर मांडलं: कोन निम्म्यावर, साडेचार अंशांच्या आत. म्हटलं, चालेल. त्या रविवारी तो आकडीच्या पान्ह्याने स्प्रिंगखालची कडी फिरवत होता, मी बॅटरी धरली होती आणि माझा हात थंडीने थरथरत होता. मागून कोणीतरी बॅटरी काढून घेतली. चिरंजीव होते. कोट, टोपी, पायात घरातल्या सपाता.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग त्यांनी कोनमापक उचलून पाहिला आणि विचारलं, "हे काय?" नातवाने गाडीखालूनच सगळं सांगितलं, इंग्रजीत, भराभर. जॅकवर काय दिसतं आणि चाकांवर काय दिसतं, सगळं. चिरंजीव ऐकत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "अण्णा, मला घरी सगळं यायचं. आठवतंय?"

"आठवतंय."

"पेपर तपासायला तुमच्या शेजारच्या खुर्चीवरचे सर. निकाल आधी स्टाफरूममध्ये, मग घरी. पेपर हातात पडला की मला तुमची खुर्चीच दिसायची."

पस्तीस वर्षांनी मला कारण कळलं. तेव्हा विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं का, कोण जाणे. पण मी विचारलंच नव्हतं. शिकवण्या बदलत राहिलो. मला काही बोलायला सुचेना. "चुकलं माझं" एवढंच म्हटलं. ते म्हणाले, "अहो, तसं नाही," आणि बॅटरी दुसऱ्या हातात घेतली. गाडीखालून नातवाने विचारलं, "डॅड, थोडं डावीकडे धर ना." त्यांनी धरली.

दोन्ही बाजूंची उंची टेपने मोजून सारखी केली. उंची बदलली की चाकांचे कोनही बदलतात, म्हणून सोमवारी दुकानात जाऊन अलाइनमेंट करून आणली. ते पैसे बापाने दिले. मुलाने आधी नाही म्हटलं, मग घेतले. गाडी मूळ उंचीवर आणावी असं चिरंजीवांना अजूनही वाटतं. नातवाला अजूनही ती जरा उंचच वाटते.

त्या रात्री बंद दुकानासमोरच्या रिकाम्या पार्किंगमध्ये तिघं गेलो. काचा खाली, बाहेर शून्याखाली थंडी, आणि स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी गोल गोल. आधी डावीकडे, मग उजवीकडे. मी मागे बसलो होतो, कान काचेबाहेर. फक्त टायरखाली बर्फ चुरचुरत होता.

मार्चमध्ये आम्ही परत आलो. आख अजून तोच आहे. अधूनमधून नातू मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग पाठवतो, गाडी वळवतानाचं. खाली लिहितो, "आबा, ऐक. काही नाही." मी ते कानाला लावून शेवटपर्यंत ऐकतो. आमची ही विचारते, "काय ऐकताय एवढं?" मी म्हणतो, "काही नाही."

असो. मेहुणीबाई, नायगारा पुढच्या वेळी.