मार्लोच्या टेकडीवर

लॉस एंजेलिसला जाणारी मंडळी हॉलिवूड पाहून परततात. मी बंकर हिल शोधीत गेलो. रेमंड चँडलरचा खाजगी गुप्तहेर फिलिप मार्लो आपली हकीकत नेहमी स्वतःच्याच तोंडून सांगतो. 'द हाय विंडो' (१९४२) या कादंबरीत तो या टेकडीवर येतो. एके काळच्या धनिकांच्या हवेल्या खोलीखोलीने भाड्याने गेलेल्या. आत म्हातारेकोतारे, कफल्लक आणि पोलिसांना चुकविणारे.

त्यांतले एकही घर आज जागेवर नाही! १९५९ साली पुनर्रचनेची योजना मंजूर झाली, हजारो भाडेकरू उठले आणि गगनचुंबी इमारती आल्या. उतारावरची 'एंजल्स फ्लाइट' ही १९०१ ची चिमुकली रेल्वे तेवढी आहे; तीही १९६९ साली उखडून १९९६ साली जराशी पलीकडे बसविलेली. मी बसलो, पुरते बूड टेकते न टेकते तोच वर पोचलो.

१९३२ साली तेलकंपनीतली नोकरी गमावलेल्या चँडलरने आयुष्यभर घरे बदलली. म्हणूनच, मला वाटते, मार्लोला खुनाआधी जिना, गालिचा आणि घरमालकीण दिसते. खून कोणी केला, हे मी केव्हाच विसरलो. ते जिने मात्र शोधीत होतो.