अक्कांची मिरी

१९९६ सालच्या जुलैत पत्नीला घेऊन मी काटपाडी स्थानकावर उतरलो, तेव्हा मला चहापलीकडे काहीही करता येत नव्हते. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय रुग्णालयासमोरच्या गल्ल्यांत रुग्णांच्या नातेवाइकांसाठी खोल्या मिळतात. स्टोव्ह आणि भांडीही भाड्याने मिळत. हिच्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया पार पडली. वॉर्डातून सुटका झाली, तरी तपासणीसाठी पंधरा दिवस थांबायचे होते. जखम भरत होती, परंतु अन्न पाहताच ती तोंड फिरवी. डॉक्टर म्हणाले, "अंडी द्या. पोटात काहीतरी गेलेच पाहिजे."

भुर्जी मी नुसती पाहिली होती. वसईहून आणलेला बाटलीतला मसाला सढळ हाताने घातला, वर टोमॅटो चिरला आणि एक लालभडक गोळा तिच्यापुढे ठेवला. एक घास घेऊन तिने ताटली सारली. म्हणाली, "अहो, रागावू नका."

शेजारच्या खोलीत तिरुनेलवेलीकडच्या एक बाई होत्या. त्यांचे यजमान अजून वॉर्डात होते. मी त्यांना अक्का म्हणे, त्या मला तंबी म्हणत. उरलेले संभाषण हातवाऱ्यांचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातातली बाटली काढून फळीवर ठेवली आणि स्टोव्हच्या वाती खाली केल्या. मला मुट्टै पोडिमास शिकवायचे त्यांनी ठरवले होते.

दोन चमचे तिळाचे तेल. मोहरी तडतडली की अर्धा चमचा उडदाची डाळ, ती तांबूस झाली की मोडलेली सुकी मिरची व कढीपत्ता. मग सांबाराचे दहाबारा छोटे कांदे, बारीक चिरून, हळद-मीठ कांद्यातच. कांदा लाल करायचा नाही, मऊ होऊ द्यायचा. चार अंडी थेट कढईत फोडायची. अंडी पडताच मी ढवळू लागलो, तर अक्कांनी माझे मनगट धरले. कडा पांढऱ्या होईपर्यंत थांबायचे, मग उलथन्याने तळातून हलकेच उचलत राहायचे. मंद आचेवर ओलसर, सुटे दाणे होतात. आच मोठी झाली की अंडे आकसते, पाणी सोडते, चिवट होते. कढई उतरवल्यावर भरड कुटलेली मिरी. टोमॅटो नाही. (तो घालणारी घरेही आहेत, पण अक्कांपुढे तसे बोलण्याची सोय नव्हती.)

मऊ भात, त्यावर अक्कांच्याच घरचे पातळ रसम, कडेला पोडिमास. ती सावकाश जेवू लागली. मी मोजत होतो. सात घास झाल्यावर तिने विचारले, "उद्याही कराल?" भांडी घासण्याचे निमित्त करून मी बाहेर गेलो.

पुढचे चार दिवस अक्का दाराशी उभ्या राहून माझ्या हाताकडे पाहत. पाचव्या दिवशी सकाळी त्यांच्या खोलीला कुलूप होते. व्यवस्थापकाने सांगितले, रात्री यजमान गेले. पहाटेच त्या देह घेऊन गावाकडे निघाल्या. आमच्या खिडकीत वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली एक पुडी होती. आत मिरी होती, भरड कुटलेली, दोन दिवस पुरेल एवढी.

त्या दिवशी मी एकट्याने अंडी केली. हिने विचारले, "आज अक्का दिसल्या नाहीत?"

तिचे जेवण होईपर्यंत मी काही सांगितले नाही.