पुस्तक पोचलं का?

गेल्या आठवड्यात बऱ्याच दिवसांनी पोस्टात गेले होते. हातात खाकी कागदात गुंडाळलेलं, सुतळीने बांधलेलं एक छोटंसं पार्सल. काउंटरवरच्या मुलीने ते उलटसुलट करून बघितलं.

"आत काय आहे?"

"पुस्तक."

"एकच?"

"एकच."

काट्यावर ठेवलं तर दोनशे चाळीस ग्रॅम. "ज्ञान पोस्टाने पाठवा मग. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये. पण वेळ लागेल हं, हे विमानाने जात नाही."

म्हटलं, लागू दे. या पुस्तकाला सवय आहे.

पुस्तकं पाठवायची आमची जुनी रजिस्टर्ड बुक पोस्टाची सोय १८ डिसेंबर २०२४ ला बंद झाली, तेव्हा मला उगीचच कुणीतरी ओळखीचं गेल्यासारखं वाटलं होतं. मग १ मे २०२५ पासून ही ज्ञान पोस्ट आली. नाव जरा भारदस्त आहे, पण पाच किलो पुस्तकं शंभर रुपयांत जातात म्हटल्यावर नावाला कशाला नावं ठेवा!

तर पार्सलात होती 'बनगरवाडी'. आणि नुसती 'बनगरवाडी' नाही, बाबांची 'बनगरवाडी'. ती पुण्याबाहेर पडायची ही दुसरी वेळ. पहिल्या वेळेला जे झालं ते मी आजवर नीट कुणाला सांगितलेलं नाही. आईलासुद्धा नाही.

२००६ साली आम्ही सहाजणांनी पुस्तकांची भिशी लावली होती. नागपूरची माझी मावसबहीण, लग्न होऊन इंदूरला गेलेली कॉलेजातली मैत्रीण, तिची बडोद्याची नणंद, माझ्या पहिल्या नोकरीतले साहेब (निवृत्त होऊन मडगावला राहायला गेले होते, त्यांना आम्ही सगळे काकाच म्हणतो), मावसबहिणीच्या ओळखीतल्या सोलापूरच्या एक बाई आणि मी. प्रत्येकाने आपली सगळ्यात लाडकी कादंबरी काढायची, वाचून पुढच्याला पोस्टाने पाठवायची. साधारण वर्षभरात आपलं पुस्तक सगळीकडे फिरून आपल्याकडे परत. नियम दोनच. एक, स्वतःची वाचलेली प्रत पाठवायची, दुकानातली कोरी नाही. दोन, समासात काय लिहायचं ते लिहा, पण पेन्सिलीने.

दुसऱ्या नियमामागे एक कारण होतं. बुक पोस्टाच्या पाकिटात चिठ्ठी घालायला परवानगी नसायची. नुसतं छापील पुस्तक. मग आम्ही आपली पत्रं समासात लिहायचो. कायद्याच्या दृष्टीने ते कितपत बरोबर होतं देव जाणे.

मडगावच्या काकांनी 'रणांगण' काढली. बडोद्याहून 'पाचोळा' आली. आणि इंदूरच्या मैत्रिणीने काय काढावं? 'मृत्युंजय'! सातशेच्या वर पानांचा तो ठोकळा दर वेळी कापडात शिवून पाठवायचा म्हणजे शिक्षाच. "कर्णाचं ओझं कुंतीला झालं नसेल एवढं आम्हाला झालं," असं काकांनी शेवटच्या पानावर लिहिलं होतं. आम्ही तिला अजून त्यावरून छळतो.

मी 'बनगरवाडी' काढली. ज्यांनी वाचली नसेल (कुणी असेल का?) त्यांच्यासाठी सांगते. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ सालची. औंध संस्थानातल्या, माणदेशातल्या एका धनगरांच्या वाडीत एक कोवळा मास्तर शाळा चालवायला जातो. शाळेला मुलं नाहीत, मुलं मेंढरांमागे. हळूहळू तो वाडीचा होतो, वाडी त्याची होते, आणि मग पाऊस पाठ फिरवतो. बस, एवढंच. दीडशेच्या आसपास पानं. मला ती आवडते कारण मास्तर त्यात शहाणा नाही. वाडी त्याला जास्त शिकवते. तालमीचं बांधकाम चालू असतं ती पानं मी कितीदा वाचली असतील!

पण खरं सांगायचं तर पुस्तक काढताना हे काही डोक्यात नव्हतं. बाबा प्राथमिक शिक्षक होते. त्यांच्या नोकरीची सुरुवात आटपाडी तालुक्यातली, म्हणजे माडगूळकरांच्याच मुलखातली. २००४ साली ते गेले. त्यांच्या कपाटात ही प्रत होती, आतल्या पानावर त्यांची सही आणि १९७८ हे साल. सगळ्या पुस्तकभर त्यांच्या बारीक अक्षरातल्या पेन्सिलीच्या खुणा. चावडीतल्या शाळेच्या वर्णनाशेजारी 'फळा?'. कारभाऱ्याच्या पानावर 'आमचे तात्या हुबेहूब'. एका ठिकाणी नुसतं 'हं'. आणि शेवटी, दुष्काळ पडून वाडी रिकामी व्हायला लागते तिथे, समासात एक आकडा. '७२'. खाली दोन रेघा. बाकी काही नाही.

बाबा कमी बोलायचे. घरात त्यांचं माणूस म्हणून बोलणं मी जितकं ऐकलं त्यापेक्षा जास्त या समासात होतं. मला वाटलं, ते चार लोकांनी वाचावं. कुणीतरी म्हणावं, की काय माणूस होता हा. आता विचार केला तर यात माझाच हट्ट जास्त दिसतो.

आईला मी विचारलं नाही. महिन्याभराने तिने कपाट आवरायला काढलं आणि पुस्तक दिसेना.

"कुठंय?"

"नागपूरला."

"कुणाकडे?"

मी भिशीची सगळी हकिकत सांगितली. तिने ऐकून घेतली. मग म्हणाली, "त्यांचं अक्षर आहे त्यात." आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवसापासून मात्र रोज संध्याकाळी दिवा लावला की विचारायची, "पोचलं का पुढे?"

नागपूरहून इंदूरला पोचलं. इंदूरहून बडोद्याला निघालं आणि गेलं ते गेलंच.

चूक माझी होती. सगळ्यांचे पत्ते मी टाइप करून कव्हराच्या आत चिकटवले होते. बडोद्याचा पिनकोड ३९० ने सुरू होतो, मी ४९० टाइप केलं. एकच आकडा. पण पहिला आकडा म्हणजे विभाग. तीन म्हणजे गुजरात-राजस्थान, चार म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. ४९० म्हणजे भिलाई. इंदूरच्या मैत्रिणीने बिचारीने यादीत होता तसा पत्ता उतरवला, आणि बाबांची 'बनगरवाडी' छत्तीसगडच्या दिशेने निघाली.

(मध्येच एक सांगते. ही पिनकोडाची पद्धत बसवली ती एका मराठी माणसाने, श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. पोस्ट-तार खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते, आणि संस्कृतमध्ये नाटकं-कविता लिहायचे. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला. हे मला पुस्तक हरवल्यानंतर कळलं. एरवी कोण वाचतं हो पिनकोडाचा इतिहास!)

तीन महिने पुस्तकाचा पत्ता नव्हता. बडोद्याची नणंद रोज वाट बघत होती, इंदूरची मैत्रीण पोस्टात चकरा मारत होती, आणि इथे रोज दिवेलागणीला आई विचारायची. "पोचलं का?"

मी म्हटलं, "हो, पोचलं. बडोद्याला आहे."

"आवडलं त्यांना?"

"खूप."

असं तीन महिने. दर थोड्या दिवसांनी मी बडोद्याच्या बाईंचा एकेक अभिप्राय तयार करून सांगायचे. त्यांनी न वाचलेल्या पुस्तकाबद्दल! आई खूश व्हायची. मी रात्री जागी राहायचे. आई हे वाचणार आहेच, तेव्हा आता कळेल तिला. अठरा-एकोणीस वर्षांनी का होईना, सांगून टाकलं.

मग एक दिवस पाकीट परत इंदूरला आलं. पाठवणाऱ्याचा पत्ता मागे लिहिलेला होता म्हणून. एक कोपरा दुमडलेला, त्यावर कसले कसले शिक्के. मैत्रीण फोनवर रडलीच. मी ऑफिसात होते म्हणून नाही रडले.

२००७ च्या दिवाळीत पुस्तक घरी आलं. आईने हात धुऊन, चष्मा लावून ते उघडलं आणि एका बैठकीत नुसते समास वाचून काढले. बाबांच्या '७२' शेजारी आता गर्दी झाली होती. मावसबहिणीने लिहिलं होतं, 'काय ७२? मुलं?' इंदूरने काहीच लिहिलं नव्हतं, फक्त चहाच्या कपाचा एक गोल होता. बडोद्याने 'पान नंबर असेल', पण ते पान काही बहात्तरावं नव्हतं. मडगावच्या काकांनी, नियम मोडून, चक्क लाल शाईने: 'दुष्काळ! दुसरं काय?'

आणि सोलापूरच्या बाईंनी समास पुरला नाही म्हणून शेवटचं कोरं पान भरून टाकलं होतं. बहात्तर साली त्या नऊ वर्षांच्या होत्या. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला, आणि ही धाकट्या भावाला काखेत घेऊन खडीच्या ढिगाजवळ. मिळायची ती सुकडी. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी, त्या भावाला गिळायच्या नाहीत, मग ही चावून त्याला भरवायची. शाळा त्या वर्षी सुटली ती दोन वर्षं सुटली. शेवटी लिहिलं होतं, 'तुमच्या वडिलांनी एवढा एकच आकडा का लिहिला ते मला कळलं. यापुढे मलाही लिहिता आलं नसतं, पण त्यांनी सुरुवात करून दिली.'

मला भरून आलं. वाटलं, झालं काम. बाबांचं न बोललेलं कुणाला तरी कळलं.

आईने पुस्तक मिटलं. चष्मा काढला. "किती सोसलं गं बाईंनी," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पण बहात्तर साली हे माणदेशात नव्हते. साताऱ्याला होते, डी.एड.ला. नोकरी लागली ती पंच्याहत्तरला."

"मग बहात्तर म्हणजे काय?"

"मला काय माहीत? तू विचारायचंस त्यांना."

हे वाक्य मला फार लागलं. पुस्तक सहा गावं फिरवून आणलं, आणि बाबा होते तिथेच. सोलापूरच्या बाईंना मात्र मी हे कधीच कळवलं नाही. त्यांनी जे वाचलं ते त्यांच्यापुरतं खरंच होतं. भिशी पुढे आणखी दीड वर्षं चालली आणि भिश्या बंद पडतात तशी बंद पडली.

आता गेल्या महिन्यातली गोष्ट. कऱ्हाडला एका लग्नात जेवणाच्या पंगतीला माझ्या शेजारी एक ऐंशीच्या घरातले गुरुजी बसले होते. विट्याचे. कुणाची कोण, कुठली, असं चाललं होतं. बाबांचं नाव सांगितलं तर त्यांनी हातातला घास खाली ठेवला. साताऱ्याला डी.एड.ला दोघं एका खोलीत राहायचे! बँडच्या आवाजात पुढचं काही ऐकू येईना. नंबर घेतला आणि पुण्याला आल्यावर फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर '७२' चं विचारलं.

"कुठल्या पानावर लिहिलंय?"

"शेवटी. लोक वाडी सोडून जातात तिथे."

गुरुजी गप्प झाले. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, "त्याच्या गावाकडचं आहे ते. सुट्टीत घरी गेला होता तेव्हाचं. फोनवर नको. पुस्तक पाठव, मी लिहितो."

मी म्हटलं, त्या पानाचा फोटो पाठवते, तुमच्या नातवाच्या मोबाइलवर. तर नाही म्हणाले. पुस्तकच हवं होतं त्यांना. म्हणाले, ते विकत घेतलं तेव्हा मी बरोबर होतो.

माझा जीव होईना. एकदा हरवता हरवता वाचलंय. आणि गुरुजींचं वय बघता... असो, तसलं काही लिहू नये. मी दोन दिवस टाळाटाळ केली. शेवटी आईनेच कपाटातून पुस्तक काढून माझ्यासमोर ठेवलं. "फोटो काढून ठेव सगळ्या पानांचे आणि पाठव." मी स्वतः जाऊन देऊन येते म्हटलं, तर म्हणाली, "तू समोर बसलीस तर ते लिहायचे नाहीत. बोलतील आणि विसरून जाशील." पुस्तक तिनेच बांधलं. पत्ता मी लिहिला आणि पिनकोड तीनदा वाचून बघितला.

काल दिवा लावल्यावर आईने विचारलं, "पोचलं का?"

मी मोबाइलवर नंबर टाकून बघितला. "कऱ्हाडला आहे."

"म्हणजे विट्याला नाही अजून."

"नाही अजून."

जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्यांच्याकडे पेन्सिल असेल ना गं?"