कोरडे बोट

इंदूरला सारे आयुष्य गेलेल्या एका मराठी गृहस्थांना ऐंशीच्या उंबरठ्यावर मुलीने वाचनयंत्र आणून दिले, ते डोळ्यांसाठी. छापील अक्षर त्यांना आता लागत नव्हते. यंत्रात ते हवे तेवढे मोठे करता येई. मात्र अक्षर मोठे झाले की पानावर ओळी थोड्या मावतात आणि पान वारंवार उलटावे लागते. डोळ्यांचा भार असा बोटावर येऊन पडला.

बोट नेमके तिथेच अडू लागले. बोट टेकताच पडद्यावरच्या विद्युतभारात जो सूक्ष्म फरक पडतो, त्यावरून यंत्राला स्पर्श कळतो. वार्धक्याने सुकलेल्या कातडीखाली तो फरक क्षीण होतो. गृहस्थ बोट टेकवीत, पान ढिम्म. पुन्हा टेकवीत. कधी पहिला स्पर्श पोचलेलाच असे. पण या पडद्याची शाईही सावकाश चालणारी. सूक्ष्म कुप्यांतले काळे-पांढरे कण वर-खाली सरकावेत तेव्हा अक्षर उमटते. तेवढ्या क्षणात दुसरा स्पर्श पडे आणि दोन पाने उलटत. वाक्याचे क्रियापद मधल्या पानावर राही.

२००७ साली पहिला किंडल आला, तेव्हा पानांसाठी कडेला कळा होत्या. कळ दाबली गेल्याचे बोटालाच कळे. २०११ च्या किंडल टचमध्ये पडद्यालगत अवरक्त किरणांचे जाळे होते. ते अडवले की पुरे. बोट कोरडे की ओले, याची चौकशी नव्हती. पुढे विद्युतभारावर चालणारा पडदा रूढ झाला आणि कळा मोजक्या यंत्रांपुरत्या उरल्या. यंत्र सडपातळ झाले खरे. ते कोणाच्या बोटांवर बेतले, हा प्रश्न मात्र राहिलाच.

कागदाच्या पानाला अर्धवट उलटणे ठाऊक होते. शेवटची ओळ सरण्याआधीच बोट कोपऱ्याखाली जाई, पान उभे राही, शंका आली तर परत पडे. पोथीचे सुटे पान तर उचलून पालथे ठेवायचे. तिथला विलंब वाचणाऱ्याच्या मालकीचा असे. काचेवर अर्धा स्पर्श नाही. तिथे वाट पाहायची ती यंत्राची, आणि आपले बोट त्याच्या लेखी आहे की नाही, हे न कळता.

गृहस्थांची नोकरी बँकेत झाली. हल्ली त्यांच्या खुर्चीशेजारी, नोटा मोजताना लागे तशी, ओल्या स्पंजाची डबी असते. पान संपत आले की ते बोट तिच्यावर टेकवतात, सदऱ्याला हलकेच पुसतात आणि मग पडद्याकडे वळतात.